जॉन्सनची मुंबई : एका छायाचित्रसंग्रहातील नावांचा विचार

मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडण्याचे काम सर बार्टल फ्रिअर गव्हर्नरपदी आल्यावर, १८६२ नंतर, हाती घेण्यात आले. पुढील थोड्याच वर्षांत अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट हे तीन दरवाजे, त्यांना जोडणारी भिंत आणि भिंतीबाहेरचा खंदक ही सारी नाहीशी झाली. चर्चगेट हे नाव आता एका रेल्वे स्थानकास चिकटून आहे, आणि त्या स्थानकात रोज उतरणाऱ्या लक्षावधी माणसांना येथे गेट कोणते होते हा प्रश्न पडत नाही. तट पडल्याने जी जागा मोकळी झाली तिच्यावर व मैदानाच्या कडेने जी नवी नगररचना उभी राहिली, तीच पुढे मुंबई म्हणून जगाच्या परिचयाची झाली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची असली तरी त्याचे दीक्षान्त सभागृह (१८७४) व राजाबाई मनोरा (१८७८) हे या नव्या रचनेचेच भाग होत.

यामुळे मुंबईच्या दृश्य इतिहासाचे दोन अत्यंत विषम तुकडे पडतात. तटानंतरच्या मुंबईची छायाचित्रे विपुल आहेत. तटापूर्वीच्या मुंबईची फारच थोडी, आणि ती थोडी असण्याचे कारण उघड आहे. दागेरची पद्धती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. परंतु काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर स्वच्छ व अनेक छाप काढता येतील असे कलोडियनचे तंत्र फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केले. म्हणजे जुना कोट छायाचित्रकाराच्या हाती सापडला तो जेमतेम दहा-अकरा वर्षे. या दहा-अकरा वर्षांचा एक मोठा ठेवा आज मुंबईत नाही. तो अमेरिकेतील टेक्सस राज्यात, डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाच्या डीगोलियर ग्रंथालयात आहे, आणि त्या विद्यापीठाने तो डिजिटल स्वरूपात सर्वांस खुला केला आहे. ‘फोटोग्राफ्स ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाचे हे अल्बम विल्यम जॉन्सन याचे असून त्यांतील छायाचित्रांचा काळ साधारणतः १८५५ ते १८६२ असा धरला जातो. (तट पाडण्यास व समुद्र हटविण्यास लागलेला पैसा मुंबईत आला तो मुख्यतः १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, दक्षिणेकडील राज्यांचा कापूस अडकून पडला म्हणून, आणि टेक्सस हे त्या राज्यांपैकीच एक. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांतून काही सिद्ध मात्र होत नाही.)

जॉन्सन हा मुंबईत सरकारी नोकरीत होता व १८५० नंतरच्या काळात छायाचित्रणाकडे वळला. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, ती हिंदुस्थानातील पहिली. तिच्या संस्थापकांत तो होता. ही संस्था केवळ साहेबांची नव्हती, ही गोष्ट विसरता कामा नये. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः कुशल छायाचित्रकार असून संस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्यांनी काम केले. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे शहरात स्वतःचा व्यवसाय थाटला. जॉन्सनने विल्यम हेंडरसन याच्यासह १८५६ ते १८५८ या काळात ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक काढले. त्याच्या अंकांत प्रत्यक्ष छाप चिकटविलेले असत आणि नारायण दाजींची चित्रेही त्यात आली. तेव्हा ‘जॉन्सनची मुंबई’ असे सोयीसाठी म्हटले तरी ती एका माणसाच्या नजरेची मुंबई नव्हे, एका मंडळाच्या उद्योगाची मुंबई होय. हे भान संग्रहाच्या सूचीत राहतेच असे नाही, कारण सूचीत कर्त्याच्या रकान्यात सहसा एकच नाव बसते.

डिजिटल प्रतीने अभ्यासकाचा जो लाभ होतो तो मान्य केलाच पाहिजे. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदावरील हे छाप प्रकाशाने व दमट हवेने पिवळे पडतात, कडांकडून विरू लागतात. अल्बम उघडण्याच्या प्रत्येक वेळी त्याची शिवण सैल होते. उच्च प्रतीची प्रतिमा एकदा घेतली की मूळ वस्तू अंधारात व शांततेत ठेवता येते. शिवाय पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहताना दूरची नौका, इमारतीवरील पाटी, गच्चीवरचे कठडे असे बारकावे दिसतात, जे हातात अल्बम घेऊन भिंगानेही सहज दिसत नाहीत. अशा बारकाव्यांवरून कालनिश्चिती करता येते. उदाहरणार्थ, कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ साली प्रार्थनेसाठी खुले झाले, परंतु त्याचा उंच मनोरा १८६५ साली पुरा झाला. तेव्हा मनोऱ्याविना ते चर्च ज्या चित्रात दिसते ते १८६५ च्या आधीचे ठरते. टाउन हॉलसमोरील ‘ग्रीन’ हे मैदान मोकळे दिसत असेल तर तेथे वर्तुळाकार उद्यान व त्याभोवतीच्या कमानीदार इमारती अजून व्हावयाच्या आहेत. त्याच वर्तुळाला पुढे एल्फिन्स्टन सर्कल व स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन सर्कल अशी नावे मिळाली.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. जॉन्सनने १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड गुजरात, कच्छ व काठेवाडविषयी, दुसरा महाराष्ट्राविषयी. सरकारी ‘द पीपल ऑफ इंडिया’ ही आठ खंडांची मालिका १८६८ साली सुरू झाली, त्याच्याही हा ग्रंथ आधीचा. यातील अनेक चित्रे जुळवलेली आहेत. माणसांचा समूह एका ठिकाणी चित्रित केलेला, मागचे मुंबईतील स्थळ दुसऱ्याच वेळी टिपलेले, आणि दोन्ही प्रतिमा एकत्र करून केलेला एक छाप, अशी ती रचना. बारकाईने पाहिले तर माणसांच्या अंगावरचा उजेड एका बाजूचा व इमारतीवरचा दुसऱ्या बाजूचा असतो. पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत. त्या काळी यात लबाडी मानली जात नसे. ओल्या कलोडियनच्या काचेला काही क्षण निश्चल वस्तू लागे. भर बाजारात माणसांना असे उभे करणे अशक्यच होते. पण आजच्या अभ्यासकाने मागची इमारत पाहून पुढच्या माणसांचा काळ ठरविला तर तो फसेल. सूचीत अशा चित्राची नोंद ‘एक छायाचित्र, एक तारीख’ अशी होते, ती वस्तुतः दोन चित्रांची व दोन तारखांची असावयास हवी.

त्या काचेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. ती निळ्या प्रकाशाला फार लवकर व तांबड्याला जवळजवळ मुळीच दाद देत नसे. आकाश म्हणून कोरे पांढरे दिसते, आणि तांबडी पगडी काळी दिसते. रस्त्यावरून चालत जाणारा माणूस तर उमटतच नाही. ‘तेव्हाची मुंबई किती निवांत होती’ असा जो उद्गार ही चित्रे पाहून निघतो तो काचेच्या मंदपणाला उद्देशून आहे, शहराला नव्हे. अलीकडे यंत्राकडून जुन्या चित्रांत रंग भरण्याची हौस वाढली आहे. पगडी जेथे काळी दिसते तेथे यंत्र ती काळीच रंगविणार, आणि उद्याचा विद्यार्थी तिला पुरावा समजणार.

हे सारे प्रतिमेविषयी झाले. संग्रहाचा खरा प्रश्न प्रतिमेखालच्या ओळीचा आहे. डिजिटल संग्रहात कोणीही पाने उलटीत बसत नाही. शब्द टाकून शोध घेतो. ज्या शब्दाने चित्राची नोंद झाली तोच त्याचा दरवाजा असतो. आणि हे शब्द १८५५ ते १८६२ या काळातील इंग्रजाच्या कानाचे व लेखणीचे आहेत.

त्या काळी देशी नावे रोमन लिपीत लिहिण्याची एकच सर्वमान्य रीत नव्हती. ‘उ’ व ‘ऊ’ यांसाठी दोनदा ‘ओ’, ‘ई’साठी दोनदा ‘ई’ अशी इंग्रजी उच्चाराला जवळची रीत सर्रास चाले. तीनुसार ‘कुणबी’ हा शब्द के, दोन ओ, एन, बी, दोन ई असा लिहिला जाई. ‘मराठा’ या शब्दात मधेच एक ‘एच’ येई व ‘ठ’चा महाप्राण मात्र गळे. हंटरची सुधारित रीत सरकारने स्वीकारली ती १८७० नंतरच्या दशकात, आणि तीतही रूढ झालेली मोठी नावे जुन्याच रूपात ठेवण्यात आली. ‘ण’ व ‘न’, ‘ळ’ व ‘ल’, ‘ख’ व ‘क’ यांतील भेद नाहीसे झाले ते झालेच. ‘भायखळा’ या नावातील महाप्राण ‘भ’, महाप्राण ‘ख’ व ‘ळ’ हे तीनही वर्ण त्याच्या इंग्रजी रूपातून लोपले आहेत. ज्याला मूळ नाव ठाऊक नाही त्याला इंग्रजी रूपावरून ते पुन्हा उभे करता येणार नाही.

‘गिरगाव’, ‘माझगाव’ या नावांचा प्रकार थोडा निराळा आहे. गिरगावच्या जुन्या इंग्रजी रूपाच्या शेवटी ‘एम’ व माझगावच्या शेवटी ‘एन’ येतो. तो इंग्रजांचा अडाणीपणा समजण्याचे कारण नाही. मराठीत हा शब्द सानुनासिक होता, आणि १९६२ च्या लेखननियमांपर्यंत तो ‘गांव’ असा अनुस्वारासह लिहिलाही जात होता. पोर्तुगीज लेखनात शब्दान्तीचा ‘एम’ हा अनुनासिकाचे चिन्ह असतो. मुंबई बेट इंग्रजांकडे आले ते पोर्तुगीजांकडून, आणि त्यांच्या लेखनातील सवयीही त्याबरोबर आल्या. म्हणजे आज चुकीचे वाटणारे हे लेखन एका परीने आजच्या ‘गाव’पेक्षा जुन्या उच्चाराशी अधिक प्रामाणिक आहे. अशी ओळ ‘दुरुस्त’ करून टाकली तर एक भाषिक पुरावा नष्ट होईल. तशीच ठेवली तर ‘गिरगाव’ शोधणाऱ्याला चित्र सापडणार नाही. ‘पालवा’ बंदराचे ‘अपोलो’ झाले, आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाच्या कर्त्यांनाही १८८६ साली त्याची दखल घ्यावी लागली. ग्रीक देवाच्या नावाने नोंदलेल्या बंदराच्या चित्राशी ‘पालवा’ हा शब्द जोडलेला नसेल तर ज्या लोकांनी त्या बंदराला नाव दिले त्यांच्याच भाषेतून तेथे जाण्याची वाट बंद राहते. शहराच्या नावाचेही तसेच. १९९५ साली इंग्रजीतही ‘मुंबई’ हे नाव अधिकृत झाले; जुन्या सूचींत एक नाव, नव्या सूचींत दुसरे.

जातिनामांचा प्रश्न याहून बिकट. स्थळनाम चुकले तरी स्थळ जागच्या जागी असते. माणसाच्या चित्राखाली जातिनाम लिहिले की तो माणूस त्या नावाखाली कायमचा दडपला जातो. जॉन्सनच्या चित्रांतील बहुसंख्य माणसांना स्वतःचे नाव नाही. आणि जी जातिनामे आहेत ती त्या काळी स्थिर अर्थाची नव्हती. ‘मराठा’ हा शब्द कधी प्रदेशवाचक, कधी भाषावाचक, कधी जातिवाचक असे. ‘कुणबी’ हा शब्द जातीइतकाच धंद्याचा, शेती करणाऱ्याचा, वाचक होता. पुढील खानेसुमाऱ्यांनी व त्यानंतरच्या राजकारणाने या शब्दांना जे काटेकोर अर्थ दिले ते १८५८ च्या चित्रावर लादणे हा कालविपर्यास होय. तो टाळावयाचा तर त्या शब्दाचा त्या काळचा अर्थ पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी साधन हाताशी आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ साली मुंबईतच निघाली. जॉन्सनचे मासिक व मोल्सवर्थचा कोश ही एकाच शहराची, एकाच वर्षीची फळे आहेत. तो कोशही आज एका अमेरिकन विद्यापीठाने, शिकागोने, डिजिटल रूपात उपलब्ध केला आहे. शिकागोत शब्द आहे, डॅलसमध्ये चित्र आहे; दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नाही.

मराठी बाजूचे आणखी एक साधन आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे जॉन्सनच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. रस्ते, तलाव, बाजार, देवळे, जाती, सण, अशा शहराच्या सर्व अंगांना ते स्पर्श करते. माडगांवकर शहर चालून पाहतात. त्यांना वस्तीची नावे तोंडी येणाऱ्या रूपात ठाऊक आहेत. जॉन्सनला रूप दिसते पण नाव अर्धवट ऐकू येते. माडगांवकरांना नाव ठाऊक आहे पण रूप दाखविण्याचे साधन त्यांच्यापाशी शब्दांखेरीज नाही. दिनशा वाच्छा यांनी १९२० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या १८६० ते १८७५ या काळातील मुंबईच्या आठवणी आणि सॅम्युअल शेपर्ड यांचा १९१७ चा स्थळनामांचा ग्रंथ यांचाही उपयोग होईल. परंतु शेपर्ड यांच्या व्युत्पत्ती सावधपणे घ्याव्या लागतात, आणि वाच्छांची स्मृती अर्ध्या शतकानंतरची आहे. चित्राशी समकालीन असा मराठी साक्षीदार माडगांवकर हाच.

डिजिटल सूचीचा एक दोष जाता जाता नोंदविला पाहिजे. अल्बम हा ग्रंथ असतो, त्याला क्रम असतो. जॉन्सनच्या एका खंडात वेशभूषा व व्यक्तिविशेष, दुसऱ्यात निसर्गदृश्ये व सार्वजनिक इमारती. माणसे एकीकडे आणि शहर दुसरीकडे, ही वाटणी त्या काळच्या राज्यकर्त्यांची दृष्टी सांगते. पडद्यावर प्रत्येक चित्र सुटे होऊन येते, व ही वाटणी दिसेनाशी होते.

नावाविना माणूस कसा उरतो याचे दुसरे उदाहरण केंब्रिजच्या संग्रहात मिळते. तिसऱ्या जागतिक प्लेगच्या दृश्य साधनांचा शोध घेणारा एक प्रकल्प २०१३ साली तेथे सुरू झाला व त्याने जमविलेल्या छायाचित्रांचा मोठा साठा त्या विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात ठेवण्यात आला. १८९६ साली मांडवीत सुरू झालेल्या साथीची मुंबई या प्रकारच्या चित्रांत दिसते : तपासणीसाठी रांगेत उभी माणसे, रुग्णालयातील खाटा, राहण्यास अयोग्य ठरलेली घरे. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे अशा वस्त्यांतून रस्ते काढले. साहेबांची व पथकांची नावे अशा चित्रांखाली मिळतात. खाटेवरच्या माणसाचे मिळत नाही. तेथे भाषाशास्त्र काही करू शकत नाही. कोणत्या गल्लीतले घर, एवढे मात्र जुन्या नकाशांवरून व भिंतींवरील पाट्यांवरून काही ठिकाणी ठरविता येईल, आणि गल्ली ठरली की त्या वर्षीच्या मराठी व गुजराती वृत्तपत्रांकडे वळता येईल.

जॉन्सनच्या संग्रहासाठी मात्र काम स्पष्ट आहे आणि ते मुंबईतून किंवा पुण्यातूनही होण्याजोगे आहे. बहुतेक डिजिटल संग्रहांच्या नोंदी ज्या ‘डब्लिन कोअर’ या १९९५ साली आखलेल्या चौकटीवर आधारलेल्या असतात, तिच्या पंधरा घटकांपैकी प्रत्येक घटक एकाहून अधिक वेळा भरण्याची मुभा आहे. एका चित्राला दोन शीर्षके असू शकतात, दोन तारखा असू शकतात, दोन कर्ते असू शकतात. आणि देवनागरी लिहिण्यास आता तांत्रिक आडकाठी राहिलेली नाही. गिरगावच्या चित्राची नोंद अशी करता येईल : मूळ ओळ जॉन्सनच्या लेखनात, एकही अक्षर न बदलता, तिच्या शेजारी ‘गिरगाव’ आणि जुने ‘गिरगांव’, चित्र जुळवलेले असेल तर स्थळाचा व समूहाचा काळ वेगवेगळा, जातिनाम असेल तर ते ‘छायाचित्रकाराने दिलेले’ अशा स्पष्ट शब्दांत, आणि त्याचा मोल्सवर्थमधील १८५७ चा अर्थ, नारायण दाजी यांचे कर्तृत्व मासिकावरून सिद्ध होत असेल तेथे त्यांचे नाव, त्या काळच्या इंग्रजी वळणाने व मराठीतही. अशा शंभर नोंदी करण्यास पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एक वर्ष पुरेल. त्यांतील एकाला मोडी वाचता येत असेल तर उत्तम, कारण त्या काळच्या दुकानांच्या पाट्यांवर बाळबोधच असेल असे धरून चालता येत नाही.